जुनिपरच्या छत्तीस लोणी-सुऱ्या : तडकलेल्या चौदांचा अभ्यास

स्वीडनमधल्या बऱ्याच घरांत न्याहारीच्या टेबलावर लोण्याच्या डब्याशेजारी एक लाकडी सुरी ठेवलेली असते. ती साधारण वीतभर लांब असते, तिला धार नसते, आणि पाते एका बाजूने पोटासारखे फुगीर असते. स्वीडिश भाषेत तिला ‘स्मॉरक्नीव’, म्हणजे शब्दशः लोण्याची सुरी, म्हणतात. शाळेत ‘स्लॉइड’ या हस्तकलेच्या विषयात मुले लाकडातून जी पहिली उपयोगाची वस्तू घडवून घरी आणतात, ती अनेकदा हीच असते. आमच्या घरात ती माझ्या मुलीने आणली. योतेबोरी शहरात राहणाऱ्या आम्हा चार मराठी कुटुंबांनी अशा सुऱ्या स्वतः करायला घेतल्या, त्याची सुरुवात तिथून झाली. मुलांच्या शनिवारच्या मराठी वर्गासाठी पुस्तके आणायची होती आणि दिवाळीच्या कार्यक्रमात विक्रीला काहीतरी हाताने केलेले ठेवावे, असे ठरले होते. मार्च २०२३ मध्ये काम सुरू झाले, एप्रिलच्या मध्यापर्यंत छत्तीस सुऱ्या तयार झाल्या आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्यांतल्या चौदा तडकल्या. त्या का तडकल्या आणि पुढच्या खेपेला काय बदलले, याची ही नोंद आहे.

लाकूड कुठून आले, हे आधी सांगायला हवे, कारण स्थानिक लाकूड ‘गोळा करणे’ हे ऐकायला जितके सोपे वाटते तितके ते नाही. स्वीडनमध्ये कोणालाही कोणाच्याही रानात फिरण्याचा, बोरे आणि अळंबी वेचण्याचा सार्वजनिक हक्क आहे आणि १९९४ पासून त्याचा उल्लेख राज्यघटनेतही आहे. मात्र या हक्कात उभ्या झाडाची फांदी तोडणे किंवा साल काढणे बसत नाही. वादळात पडलेले झाडसुद्धा जमिनीच्या मालकाचेच असते. जमिनीवर गळालेल्या काटक्या उचलता येतात, पण काटकीतून सुरी होत नाही. म्हणून परवानगी घेणे हाच खरा मार्ग आहे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची गुरे चरण्याची जमीन शहरापासून तासाभरावर आहे. चराई कमी झाली की अशा कुरणात जुनिपरची झुडपे पसरतात आणि त्यांच्या सावलीत गवत व रानफुले मागे हटतात, त्यामुळे ती अधूनमधून तोडावी लागतात. त्याने तोडलेल्या झुडपांचा ढीग आम्हाला दाखवला आणि हवे ते न्या, असे सांगितले.

जुनिपर मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. आयुर्वेदात ‘हपुषा’ नावाने जी काळसर निळी फळे औषधात येतात, ती याच झुडपाची. लाकूड बारीक पोताचे, जड हाताचे आणि विलक्षण सुगंधी असते. मिरपूड आणि लिंबाची साल एकत्र चुरडल्यासारखा तो वास सुरी वापरायला लागल्यावर वर्षभरही जात नाही. झुडूप अतिशय सावकाश वाढते. माझ्या मनगटापेक्षा थोड्याच जाड असलेल्या एका खोडाची वलये भिंग घेऊन मोजली, तेव्हा ती ६४ भरली. चौसष्ट वर्षे उभे राहिलेले ते खोड आम्ही पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरचे तुकडे करून गाडीत टाकले. ते आपण किती घाईने हाताळले, याची बोचणी मला पुढे बराच काळ राहिली.

एक लाकूड मात्र आम्ही नाकारले आणि तो निर्णय योग्यच होता. आमच्यातल्या एकाच्या शेजाऱ्यांनी बागेतल्या छाटलेल्या यू झाडाचे ओंडके देऊ केले होते. आतला भाग नारिंगी-तांबडा, बाहेरची कड मलईसारखी, असे ते लाकूड दिसायला जुनिपरहून कितीतरी देखणे होते. परंतु यूच्या फळाचा लाल गर वगळता सगळ्या झाडात टॅक्सीन नावाची विषारी द्रव्ये असतात, आणि ज्या वस्तूने लोणी पावाला लावायचे ती अशा लाकडाची करू नये. आपल्याकडे कोणी हा उद्योग करू पाहील तर कण्हेर, काजरा, बिब्बा यांच्याबाबतीत हेच म्हणावे लागेल. झाडाची ओळख पक्की नसेल तर त्या फांदीतून खाण्याच्या कामाची वस्तू करू नये, या नियमाला आम्ही अपवाद ठेवला नाही.

पहिल्या खेपेत काय झाले

काम कसे करायचे हे आम्हाला एका निवृत्त स्लॉइड शिक्षिकेने दाखवले होते. ओंडका उभा धरून त्याच्या माथ्यावर कुऱ्हाडीचे पाते ठेवायचे, वरून लाकडी मोगरीने ठोकायचे आणि तो तंतूंच्या रेषेत फोडायचा. करवतीने फळी कापली तर करवत सरळ जाते, तंतू मात्र वळत असतात, आणि जिथे तंतू कापले जातात तिथे पाते पुढे मोडते. फोडलेले लाकूड तंतूंच्या वाटेनेच सुटते, म्हणून तीन मिलिमीटर जाडीचे पातेसुद्धा वाकून परत सरळ होते. त्यानंतर कुऱ्हाडीने आकार ढोबळ तासायचा आणि छोट्या चाकूने घडवायचा. ओले लाकूड चाकूखाली थंड चीजसारखे कापले जाते. अंगठा लाकडावर टेकवून चाकू स्वतःकडे ओढला की ढलपी लांबलचक कुरळी होऊन मांडीवर पडते आणि ती बोटांना ओलसर लागते. या ओलाव्याच्या आनंदात आम्ही दोन गोष्टी विसरलो. शिक्षिकाबाईंनी त्या सांगितल्या होत्या, पण आम्ही त्या ऐकून सोडून दिल्या होत्या.

पहिली गोष्ट अशी की लाकूड वाचवण्याच्या नादात आम्ही खोडाच्या मधोमध असलेला गर, म्हणजे भेंड, काढून टाकला नाही. जुनिपरची खोडे बारीक असतात. मधला भाग टाकला तर एका तुकड्यातून एखादी सुरी कमी निघते, आणि इतके जुने लाकूड टाकवत नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे आम्हाला ती लवकर वाळवायची होती. तयार सुऱ्या वेगवेगळ्या घरांत खिडकीखालच्या रेडिएटरवर, नाहीतर त्याच्या शेजारी वर्तमानपत्रावर, मांडून ठेवल्या गेल्या. मार्च-एप्रिलमध्ये बाहेर अजून थंडी होती आणि घरातली उष्णता चालू होती. बाहेरची गार हवा आत आणून तापवली की ती फार कोरडी होते. आमच्या घरातल्या आर्द्रतामापकावर त्या दिवसांत पंचवीस ते तीस टक्के दिसत असे. इतक्या कोरड्या हवेत लाकूड शेवटी पाच-सहा टक्के ओलाव्यावर येऊन स्थिरावते. कुरणातून आणले तेव्हा त्याच लाकडात स्वतःच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी होते.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून रात्री टिचकी वाजावी तसा आवाज येऊ लागला. सकाळी पाहावे तर मुठीपासून पात्यापर्यंत गेलेली एक उभी चीर दिसे. काही सुऱ्यांत ती इतकी रुंद होती की नख आत जात असे. मुलांनी घडवलेल्या सुऱ्याही त्यांत होत्या. एका नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या सुरीच्या मुठीवर खाचांची नक्षी कोरली होती, आणि ती नक्षी चिरेने बरोबर दुभंगली. त्याने ती सुरी परत माझ्या हातात दिली तेव्हा, पुढच्या वेळी हे का झाले ते सांगता आले पाहिजे, असे मी मनाशी ठरवले.

तडकलेल्या सुऱ्या टेबलावर

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही छत्तीसच्या छत्तीस सुऱ्या एका टेबलावर मांडल्या आणि एकेक हातात घेऊन पाहिल्या. तडकलेल्या चौदांपैकी नऊ सुऱ्यांत चीर थेट भेंडातून किंवा त्याच्या अगदी कडेने गेलेली होती. तीन सुऱ्या मुठीच्या टोकाकडून फुटल्या होत्या आणि दोन गाठीपाशी. याखेरीज चार सुऱ्या तडकल्या नव्हत्या, पण धनुष्यासारख्या वाकल्या होत्या.

या पाहणीत सर्वांत उपयोगी ठरला तो एक निव्वळ योगायोग. छत्तीसपैकी सहा सुऱ्या एका कुटुंबाकडून प्लास्टिकच्या पिशवीत बाल्कनीत विसरल्या गेल्या होत्या. त्यांच्यावर हिरवट-काळे बुरशीचे ठिपके आले होते, मात्र एकही तडकलेली नव्हती. वास्तविक त्यांतल्या दोन सुऱ्यांत भेंड स्पष्ट दिसत होते. आम्ही त्या घरात आणून ठेवल्या आणि तिसऱ्या दिवशी भेंड असलेल्या दोहोंपैकी एक तडकली. चौदावी ती हीच. दुसरी मात्र आजतागायत शाबूत आहे. म्हणजे भेंड असले की सुरी फुटतेच असे नाही आणि नसले की वाचतेच असेही नाही. भेंड आणि वाळण्याचा वेग एकत्र आले, की बहुधा ती फुटते.

याचे कारण लाकडाच्या रचनेत आहे. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी निघून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली आला की भिंतींतले पाणी सुटू लागते आणि तिथून आकुंचन सुरू होते. हे आकुंचन सगळीकडे सारखे नसते. वलयांच्या घेराच्या दिशेने ते जितके होते, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने होते, आणि लांबीत तर जवळजवळ होतच नाही. केंद्रासकट पूर्ण गोल असलेल्या तुकड्यात घेर आवळू पाहतो पण त्रिज्या तितकी आखडत नाही, त्यामुळे कुठेतरी घेर तुटावाच लागतो. तोच तडा. ओंडका मधोमध फोडून भेंड काढले की घेराला मोकळी कड मिळते, लाकूड थोडे फुगवटा घेते आणि ताण निघून जातो. वेगाचे म्हणाल तर सुरीचे बाहेरचे अंग रेडिएटरवर दोन दिवसांत वाळून आकसते, आत मात्र अजून पाणी असते, आणि घट्ट झालेली बाहेरची कातडी आतल्या न आकसलेल्या गाभ्यावर फाटते. मुठीच्या टोकांना हे सर्वांत आधी होते, कारण तंतूंच्या उघड्या तोंडांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते.

वाकलेल्या चार सुऱ्यांचे कारण वेगळे निघाले. त्या सगळ्या तिरप्या वाढलेल्या फांद्यांतून केल्या होत्या. सूचिपर्णी झाडे झुकलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला दाट, गडद लाकूड घालून तिला आधार देतात. हे लाकूड इतर लाकडाच्या उलट लांबीतही आकसते, म्हणून सुरीची एक बाजू दुसरीला ओढून घेते. अशा फांद्या कापताच ओळखता येतात, कारण त्यांचे केंद्र मधोमध नसते, वरच्या अंगाला सरकलेले असते.

त्याच सुमारास फोनवर आईला मी हे सगळे सांगत होतो. ती चिपळूणला राहते. ती म्हणाली, “अरे, लाटणं घेताना बाबा आधी ते टोकाकडून बघायचे. मधे टिकली दिसली की ठेवून द्यायचे परत.” ती टिकली म्हणजे भेंड. आमच्या घरातले लाटणे मला आठवते तेव्हापासून चिरलेले नाही, आणि त्याचे कारण मला असे वयाच्या चाळिशीत, दोन हजार कोसांवरून कळले.

दुसरी खेप

शेतकऱ्याकडच्या ढिगातले काही ओंडके आम्ही सालीसकट त्याच्याच गोठ्याच्या पडवीत ठेवले होते आणि शिक्षिकाबाईंच्या सांगण्यावरून त्यांच्या दोन्ही टोकांना जुना रंग फासला होता. जूनमध्ये ते काढले. या वेळी प्रत्येक ओंडका भेंडातून फोडला आणि भेंडाच्या दोन्ही बाजूंचे बोटाच्या पेराएवढे लाकूड निर्दयपणे तासून टाकले. तिरप्या फांद्या चुलीसाठी बाजूला काढल्या. चोवीस तुकडे हाती राहिले. ते एकदम पूर्ण घडवले नाहीत, सर्व बाजूंनी तीन-चार मिलिमीटर जास्त ठेवून फक्त ढोबळ आकारात आणले आणि त्यांच्याच ओल्या ढलप्यांसकट कागदी पिशव्यांत घालून घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवले. कागदातून पाणी निघून जाते, पण सावकाश. प्लास्टिकसारखी बुरशी धरत नाही आणि उघड्या हवेसारखी घाईही होत नाही.

ते वाळले हे ओळखायला आम्ही स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरला. दर दोन दिवसांनी मुले पिशवी उघडून तुकडे तोलत आणि वहीत आकडा लिहीत. एक तुकडा पहिल्या दिवशी ९२ ग्रॅम होता. आधी वजन भराभर उतरले, मग हळूहळू, आणि पाचव्या आठवड्यात ६१ ग्रॅमवर येऊन थांबले. सलग तीन नोंदी सारख्या आल्या की तुकडा चाकूखाली घ्यायचा, असे ठरले होते. या कामात मुलांचा रस मोठ्यांपेक्षा जास्त टिकला. ज्याची नक्षी दुभंगली होती तो मुलगा आपल्या तुकड्याची वही कोणाला हात लावू देत नसे.

स्लॉइडचा मूळ हेतू इथे मला नीट समजला. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांतून १८६६ मध्ये हस्तकला शाळेचा विषय झाली. स्वीडनमध्ये योतेबोरीजवळच्या नॅस या वाडीवर आउगुस्त आब्राहमसन आणि त्यांचे भाचे ओटो सालोमन यांनी १८७२ मध्ये शाळा काढली आणि पुढे तिथे जगभरचे शिक्षक शिकायला येऊ लागले. सुतार घडवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. हात, डोळा आणि धीर यांचे शिक्षण व्हावे, असा होता. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणयोजनेतही हस्तोद्योग केंद्रस्थानी होता, पण तिथे त्या उद्योगातून सगळे विषय शिकवायचे आणि शाळेचा खर्चही शक्य तितका भागवायचा, असा अधिक व्यापक विचार होता. वजनाची वही लिहिणाऱ्या मुलांकडे पाहताना मला हे दोन्ही विचार एकमेकांपासून फार दूरचे वाटले नाहीत.

ऑगस्टमध्ये शेवटचे घडवणे झाले. वाळलेले जुनिपर ओल्यापेक्षा बरेच कठीण लागते आणि चाकूला वारंवार धार लावावी लागते. याचा फायदा असा की धारदार चाकूचा शेवटचा काप काचेसारखा गुळगुळीत येतो. अशा पृष्ठभागावर पॉलिश पेपर फिरवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. पेपरने तंतू फाटतात आणि पहिल्या धुण्याबरोबर त्यांची कुसळे उभी राहून सुरी खरखरीत होते. चाकूने कापलेल्या पृष्ठभागावरून पाणी घरंगळते. पात्याची कड आम्ही साधारण दोन मिलिमीटर जाड ठेवली, कारण त्याहून बारीक केली तर फ्रीजमधून काढलेल्या घट्ट लोण्यात ती लचकते आणि जाड ठेवली तर लोणी पसरत नाही, नुसते ढकलले जाते.

शेवटी जवसाचे तेल लावले. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, म्हणून शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र रंगाच्या दुकानात ‘उकळलेले’ म्हणून मिळणाऱ्या जवस तेलात बहुधा लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात, ते खाण्याच्या वस्तूला लावू नये. आम्ही खाण्याचेच घाण्याचे तेल घेतले, हाताने चोळले, अर्ध्या तासाने पुसून काढले आणि तीन आठवडे उन्हात-वाऱ्यात ठेवले. ज्या फडक्यांनी तेल पुसले ती पाण्यात बुडवून मग पसरून वाळवली, कारण तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळा करून टाकलेले असे फडके आपोआप पेट घेऊ शकते.

चोवीसपैकी एकच सुरी तडकली, तीही गाठीपाशी. पहिल्या खेपेतल्या बावीस शाबूत सुऱ्यांतल्या चार वाकड्या बाजूला काढल्या, उरलेल्या अठरा आणि नव्या तेवीस मिळून एक्केचाळीस सुऱ्या दिवाळीच्या कार्यक्रमात ठेवल्या आणि त्या सगळ्या गेल्या.

तरीही जानेवारीत दोन सुऱ्या परत आल्या. दोन्ही दुसऱ्या खेपेतल्या, भेंड काढलेल्या, सावकाश वाळवलेल्या, आणि दोन्हींच्या मुठीच्या टोकाला केसासारखी बारीक चीर. आम्ही त्या उन्हाळ्यात वाळवल्या होत्या आणि वजन स्थिरावले ते उन्हाळ्यातल्या हवेशी. हिवाळ्यातल्या तापवलेल्या घरात लाकडाला अजून खाली उतरायचे होते आणि मुठीचे टोक पुन्हा सर्वांत आधी उतरले. त्यावर उपाय म्हणून आता आम्ही मुठीचे टोक शेवटपर्यंत बोटभर लांब ठेवतो आणि एक हिवाळा गेल्यावरच ते कापतो. म्हणजे एका सुरीला वर्ष लागते.

परत आलेल्यांतली एक सुरी मी जून २०२४ मध्ये चिपळूणला घेऊन गेलो. आईने ती ताकावरचे लोणी काढायला आणि साय ताटलीवरून निपटायला घेतली. पंधरवड्यात पाऊस लागला, आणि ओलीच खणात ठेवल्यामुळे तिच्यावर बुरशीही आली. आईने ती चिंचेच्या कोळाने घासली, उघडीप मिळाली तेव्हा उन्हात ठेवली आणि मग चुलीजवळच्या भिंतीला खिळ्यावर टांगली. जुलैच्या शेवटी निघताना मी ती हातात घेऊन मुठीचे टोक भिंगाखाली पाहिले. चीर कुठे होती ते मला माहीत होते, म्हणूनच ती जागा सापडली. दमट हवेत लाकूड फुगून चीर पूर्ण मिटली होती आणि नखाला काहीच लागत नव्हते. सुरी आईकडेच ठेवून मी परतलो.